घंटा बांधलेला नातू

१७ सप्टेंबर

लिही. आज स्तोईल आला आणि आमच्या घंटांवर बोट ठेवून गेला.

"कुठल्या घंटा, तेही लिहू ना?" रुमेना विचारते. ही माझी नातसून. अक्षरं तिची, तोंड माझं. मला लिहिता येत नाही. माझ्या लहानपणी गावात शाळा होती, पण तंबाखूही होती, आणि तंबाखू शाळेच्या आधी उठवायची. बरं, लिही कुठल्या ते. नाहीतर वाचणारा म्हणेल, म्हातारी गायीच्या घंटांसाठी रडतेय. माझ्या नवऱ्याच्या, दिमोच्या घंटा. अकरा. सगळ्या मिळून पन्नास किलोच्या वर. नवीन वर्षाच्या सकाळी आमच्याकडचे बाप्ये बोकडाची कातडी पांघरतात, तोंडावर मुखवटा चढवतात, कमरेला घंटा बांधतात आणि उड्या मारत गावभर फिरतात. जे वाईट असेल ते त्या आवाजानं पळतं. दिमो गेल्यावर घंटा नातवाकडं आल्या. स्पासकडं. रुमेनाचा नवरा तो.

गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलं. पाणवठ्यापाशी स्पासला खोकला आला. मुखवटा वर करून बसला तो बसलाच. घंटा चिखलात, आणि वाईट जे काही होतं ते त्याच्याकडं बघत उभं.

स्तोईल म्हणजे घंटावाल्यांचा म्होरक्या. अंगणात उभा राहून म्हणाला, "वेला आजी, यंदा तीन फेऱ्या. देवळापासून पुलापर्यंत आणि परत. ज्याचा गुडघा टेकला त्याच्या घरातून घंटा निघाल्या. देवळाच्या ओसरीत जातील. जुना नियम आहे." बोलताना बघत होता कोंबड्यांकडं.

स्पास म्हणाला, "कुठला नियम? मी तर कधी ऐकला नाही."

मी म्हटलं, "तू कधी कुणाचं काय ऐकलंयस?"

१८ सप्टेंबर

काल रागात स्पासनं सिगारेटचं दीड पाकीट ओढलं. पाकीट संपलं. राग आहे तेवढाच.

२१ सप्टेंबर

दातासाठी शहरात, राझलोगला गेले. स्पास लाकडाच्या ट्रकवर आहे, त्यातूनच नेलं. येताना म्हणाला, "आजी, अर्धा तास जिममध्ये बसशील?" बसले. एवढे आरसे मी एका खोलीत कधी पाहिले नव्हते. प्रत्येक जण वजन उचलायचा आणि बघायचा मात्र स्वतःकडं.

तिथं मिलुश म्हणून शिकवणारा आहे. देवानं त्याला मान दिली असणार, पण त्यानं ती खांद्यात जमा केली. त्याला विचारलं, "बाळा, माझ्या नातवाचे दंड बैलासारखे. मग तो उड्या मारता मारता बसतो का?"

"दंड दाखवायचे आहेत, आजी. स्नायू रक्तावर जगतो आणि रक्त हवा वाहून आणतं. हा धूर भरतो. मग रक्ताच्या पाठीवर हवेच्या जागी धूर बसून येतो. दोन वर्षं झाली, त्याच वजनावर अडकलाय. बाकीच्यांचं अंग दोन दिवस दुखतं, याचं पाच दिवस. दुरुस्तीला लागणारा मालच पोचत नाही."

मला लगेच कळलं. मी म्हटलं, "म्हणजे हा भट्टीत लाकडं कोंबतो आणि धुराड्यात बोळा घालतो."

मिलुश म्हणाला, "आजी, तुम्ही रोज याल का इथं?"

स्पास म्हणाला, "आजी, ट्रकमध्ये जाऊन बस."

२२ सप्टेंबर

सोडली म्हणतो. पाकीट चुलीत टाकलं. चूल दोन दिवस खोकेल.

माझी मोजणी आजपासून. निळ्या लोकरीचा धागा त्याच्या दंडाला गुंडाळला आणि जिथं दोन टोकं भेटली तिथं गाठ मारली. मग टेकडीवरच्या छोट्या देवळापर्यंत चढायला लावलं. खिशात घेवड्याच्या बिया दिल्या. जिथं दम घ्यायला थांबशील तिथं एक बी टाक, आणि प्रामाणिकपणे टाक. जितक्या दिल्या त्यातल्या सहा कमी आल्या.

म्हणाला, "एक हातातून पडली."

"पडू दे की. कोंबडीही असंच म्हणते अंड्याबद्दल."

२५ सप्टेंबर

तिसरा दिवस. दार आपटलं. मांजराला शिव्या दिल्या. ट्रकशी भांडला, आणि ट्रक ऐकून घेतो म्हणून आणखी चिडला. तोंडाला चाळा म्हणून सूर्यफुलाच्या बिया खातो. टरफलं पलंगात, बुटांत, काल तर सूपमध्ये.

रुमेना म्हणाली, "आजी, मी माहेरी जाते."

म्हटलं, "जा, पण मलाही ने."

(हे लिहू का, म्हणते. लिही. तुझी आई वाचणार आहे का?)

२९ सप्टेंबर

कोंबड्यांच्या खुराड्यातून धूर. अंडी आणायला गेला होता म्हणे. वीस मिनिटं. अंडी दोन.

सत्तर वर्षं तंबाखूची पानं सुईत ओवली मी, बोटांचा काळा डिंक अजून निघत नाही. कुठल्या पानाचा वास कुठून येतो हे मला कोण शिकवणार? पण ओरडून काय होतं? ओरडलं की माणूस आणखी लांब जाऊन ओढतो. पायांना तेवढा व्यायाम, छातीला मात्र काही नाही.

विचार करतेय.

१ ऑक्टोबर

सुचलं. आम्ही लहानपणापासून ऐकतो की उंदरांची सभा भरते, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं ठरतं, आणि बांधायला कुणी पुढं येत नाही. अहो, उंदरांनी मांजराला सांगायचं होतं की ही घंटा तुझ्या आजोबांची आहे. मान स्वतःहून पुढं केली असती त्यानं.

स्पासला म्हटलं, "पन्नास किलो काय एका दिवसात पेलणार का तू? आजपासून घरात असशील तेवढा वेळ कमरेला पट्टा. पहिल्या आठवड्यात दोन घंटा. मग चार. तुझे आजोबा असंच करायचे."

असं काही करायचा नाही दिमो. पण पोरगा खूश. छाती काढून अंगणात फिरतो, ढण् ढण्. आणि मी आपली खिडकीशी बसून विणते. आता गोठ्यात गेला. आता विहिरीशी. आता परत आला.

४ ऑक्टोबर

संध्याकाळी घंटा गप्प झाल्या.

घरात लेकरू आणि घंटा एकदम गप्प झाले की समजावं. काठी घेतली, गवताच्या गंजीमागं गेले. स्पास उभा, तोंडात पेटलेली, आणि प्रत्येक घंटेच्या पोटात एक एक लोकरीचा मोजा कोंबलेला. मोजे माझे.

म्हटलं, "घंटांना थंडी वाजतेय का?"

सिगारेट पाठीमागं लपवली. एकतीस वर्षांचा घोडा. "आजी, एकच. शपथ."

"लपवू नकोस, पेटेल गंज. ओढ की. मी थांबते."

"तू बघत असताना कशी ओढू?"

"का? आजोबा ओढायचे तेव्हाही मीच बघत होते. मीच वळून द्यायचे."

विझवली. मोजे काढले. दोन्ही मोज्यांना धुराचा वास, आता तीनदा धुवावे लागतील. त्यानंच धुतले. रुमेना दारात उभी राहून इतकी हसली की तिला उचकी लागली.

१० ऑक्टोबर

आज जेवताना स्पास म्हणाला, "सूप खारट झालंय का?"

लग्नाला सात वर्षं झाली. त्याची जीभ आज जागी झाली. रुमेना म्हणते सूप रोज असंच असतं. तेच तर म्हणतेय मी, पोरी.

(आता ती माझ्याशी बोलत नाही, फक्त लिहितेय.)

१९ ऑक्टोबर

चार घंटा. खोकला वाढला. स्पास घाबरला. "सोडल्यावर खोकला वाढतो? मग सोडून काय फायदा?" मिलुशला फोन लावला. तो म्हणाला, काही दिवस असं होतं कुणाकुणाला, छाती आतली घाण बाहेर काढतेय. महिन्यानंही गेला नाही तर डॉक्टरला दाखव.

मी म्हटलं, धुराडं साफ करताना पहिल्यांदा अंगावर काजळीच पडते.

टेकडीवर बिया तीन.

२७ ऑक्टोबर

काल संत दिमितरचा सण. पाहुणे, मटण, घरी गाळलेली राकिया. तिसऱ्या पेल्यानंतर कुणीतरी पाकीट पुढं केलं आणि नातवानं हात पुढं केला. चार ओढल्या. मला वाटलं आता गेलं सगळं पाण्यात.

आज सकाळी स्वतःच बिया मागितल्या. गेला टेकडीवर. परत आला, मूठ माझ्यासमोर उघडली. पाच टाकल्या होत्या.

"एका संध्याकाळचे दोन थांबे, आजी."

"राकियाचेही असतील त्यात."

"थोडे राकियाचे." मग म्हणाला, "डोकं दुखतंय. मळमळतंय. इतकी घाण चव कधीपासून झाली तिची?"

मी म्हटलं, पहिल्यापासून. तुझी जीभ नव्हती घरी.

पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं म्हणाला. मी म्हटलं, काही नको. घसरलेला माणूस डोंगराच्या पायथ्याशी जात नाही, दोन पावलं मागं जातो फक्त.

१२ नोव्हेंबर

धाग्याची गाठ पुढं सरकली. बोटाच्या एका पेराएवढी. मी तीनदा मोजलं. त्यानं दंड फुगवला असेल म्हणून गुदगुल्या करून मोजलं. तरी तेवढंच.

जिममध्ये म्हणे वीस किलो जास्त उचलले. दोन वर्षं हालत नव्हता तो आकडा. झोपही लागते म्हणतो. रुमेनाला विचारलं, घोरतो का अजून? म्हणाली कमी. मिलुशचं म्हणणं, स्नायू जिममध्ये वाढत नाही, तिथं तो फक्त फाटतो. वाढतो झोपेत, आणि झोपेत त्याला हवा लागते.

भूकही लागते. बापरे, भूक लागते. पोटही जरा आलं. पट्ट्याचं भोक एकानं पुढं. मी म्हटलं येऊ दे, घंटा टेकायला जागा झाली.

सहा घंटा.

२३ नोव्हेंबर

स्तोईल फाटकाशी थांबला. तोंडात सिगारेट.

"काय म्हणतो तुमचा पैलवान?"

"विचार त्याला. ऐकू येतोच आहे."

"तीन फेऱ्या जमणार नाहीत, आजी. उगाच पोराची हाडं मोडाल."

"तुझं तू बघ. तुझी छाती मला इथपर्यंत शिट्टी वाजवतेय."

हसला आणि गेला. चढावर दोनदा थांबला. माझ्या खिशात बिया होत्या, पण मी उगाच कशाला टाकू.

म्हातारा गेर्गिन देवळाबाहेर बसून पोरांना सांगत होता की त्याच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत एका घरातून घंटा निघाल्या होत्या. गुडघा टेकला म्हणून. बाई रडली होती म्हणे त्या घरातली. बाईचं नावही सांगतो तो.

७ डिसेंबर

बर्फ. टेकडीवर बी एक. तीही वर पोचल्यावरच टाकली, देवाला म्हणून.

२० डिसेंबर

आज इग्नातचा सण. आज घरात पहिल्यांदा जो पाऊल टाकतो त्याच्यासारखं वर्ष जातं. पहाटे स्पासला बाहेर काढलं, अकराही घंटा बांधल्या, आणि म्हटलं, आता आत ये.

उंबरठा ओलांडला. चुलीपर्यंत आला. तीन उड्या मारल्या, भांडी फळीवर नाचली. मग अंगणात गेला आणि फाटक ते गोठा, गोठा ते फाटक. मी खिडकीतून मोजत होते. चौदाव्या खेपेला पाय मुडपला. एक हात बर्फात टेकला. गुडघा नाही. पण हात टेकला.

आत येऊन चुलीपाशी बसला. मग म्हणाला, "आजी, नाही जमलं तर? आजोबांच्या घंटा ओसरीत पडलेल्या बघायला मी त्या रस्त्यानं जाऊच शकणार नाही."

रुमेना, हे लिही, आणि मध्येच डोळे पुसू नकोस, शाई पसरते.

मी त्याला दिमोबद्दल सांगितलं. जे त्याला कधी सांगितलं नव्हतं ते. गावाला आठवतो तो उड्या मारणारा दिमो. मला आठवतो तो शेवटच्या हिवाळ्यातला. खिडकीशी उशी पोटाशी धरून बसायचा. पाण्याचा पेला उचलायचा आणि मध्येच ठेवायचा, कारण पेला आणि श्वास दोन्ही एकदम जमत नव्हतं. त्याचे दंड बघायचे होते तुम्ही. माझ्या मनगटाएवढे झाले होते. आणि त्यानं ओढलेली एक एक सिगारेट मी वळली होती, बारीक, सारखी, कडा जिभेनं ओल्या करून. गावात माझ्यासारखी कुणी वळत नसे. त्याचा मला अभिमान होता.

स्पास म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?"

म्हटलं, "सांगितलं असतं तर तू दुःख विसरायला बाहेर जाऊन एक ओढली असतीस."

हसला. मग पुन्हा पट्टा बांधायला उठला. मी म्हटलं, आज पुरे. थोडं झोपेवरही सोड.

३१ डिसेंबर

चीज भरून बानित्सा भाजला. त्यात कोर्नेलच्या झाडाच्या काड्या लपवतात, ज्याला जी लागेल ते नशीब. स्पासच्या तुकड्यात काहीच नाही निघालं. रुमेना घाबरली. मी म्हटलं, दोन तुकडे खाल्लेत त्यानं. काडीसकट गिळलं असेल.

१ जानेवारी

मला पाणवठ्याशी खुर्ची ठेवून दिली होती. गोधडी, विटा तापवून पायाशी. तिथं बसायचं मीच ठरवलं होतं. जिथं गेल्या वर्षी बसला तिथंच यंदा बसला असता.

बावीस बाप्ये. बोकडाचे लांब केस जमिनीपर्यंत, तोंडं झाकलेली. कोण कोण ते ओळखू येत नाही, पण दिमोच्या घंटा मला हजारांत कळतात. सगळ्यांत मोठी जरा चिरकते.

पहिली फेरी गेली तेव्हा गाव ओरडत होतं. दुसरी गेली तेव्हा ओरडणं कमी आणि मोजणं जास्त. दोघे आपणहून पट्टा सोडून बाजूला झाले. गुडघा टेकायच्या आधीच थांबले, शहाणे. मी रुमेनाचा हात धरला होता. तिचं म्हणणं मी तिची बोटं मोडली. लिहितेय तर सगळ्या हातानं, मोडली कुठं?

तिसऱ्या फेरीत वर देवळाकडून आवाज आला. लांबून. मोठी घंटा चिरकत होती, पण सावकाश. फार सावकाश. मग तो वळणावर दिसला. मुखवट्याच्या तोंडातून वाफ, किटलीसारखी. पाय ओढत होता. माझ्यासमोर आला आणि थांबला.

गेर्गिननं काठीवर हनुवटी टेकली, डोळे स्पासच्या गुडघ्यांवर.

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आत जात होता. पुरता, तळापर्यंत. खरखर नाही, शिट्टी नाही. मोठी भरलेली छाती नुसती दमली होती. दमलेल्या माणसाचा श्वास आणि संपलेल्या माणसाचा श्वास यांतला फरक मला माहीत आहे.

मग त्यानं एक उडी मारली. जागच्या जागी. अकराच्या अकरा वाजल्या. दुसरी मारली. आणि पुलाकडं निघाला. परत येताना माझ्यासमोरून गेला तेव्हा थांबलासुद्धा नाही, नुसती मान हलवली आणि माझ्या गोधडीवर बोकडाचा घाम उडवला.

देवळाच्या पायरीला हात लावला. उभ्यानं.

आता गंमत. त्याच्या मागून म्होरक्या येत होता. स्तोईल. पाणवठ्याशी आला, एक हात छातीवर, मुखवटा खेचून काढला, तोंड बीटसारखं लाल. खोकला. आणखी खोकला. आणि सगळ्या गावासमोर उजवा गुडघा टेकला.

कुणी हसलं नाही. गेर्गिननं काठी उचलली आणि म्हणाला, "गुडघा."

स्तोईलच्या सात घंटा ओसरीत गेल्या. पुढच्या वर्षी तीन फेऱ्या करील तर परत मिळतील. हेही जुनंच आहे म्हणाले सगळे.

स्पास घरी आला, अर्धा पाव आणि सगळं मटण खाल्लं, आणि बसल्या जागी झोपला.

३ जानेवारी

स्तोईल आला. टोपी हातात. रुमेना चहा गाळत होती, तिनंही सगळं ऐकलं. त्यामुळं आता लपवून उपयोग नाही. लिही.

म्हणाला, "वेला आजी, मी कधी तुमच्या घंटा मागायला आलो असतो का? सप्टेंबरात तुम्हीच माझ्या दारात आलात. राकियाची बाटली दिलीत. तीन फेऱ्या तुमच्या, गुडघा तुमचा, ओसरीसुद्धा तुमची. पोराला जरा घाबरव म्हणालात, बाकी मी बघते. मी घाबरवलं. आता गेर्गिनला खरं काय ते सांगा."

रुमेनाचं पेन थांबलंय. चालव. या वहीशीही मी खोटंच बोलले, कारण वही तुझ्या हातात होती आणि तू स्पासच्या शेजारी झोपतेस.

स्तोईलच्या खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं. मी त्याच्याकडं बघत राहिले.

"कसं सांगू रे?" म्हटलं. "नियम फार जुना आहे."